मासाही बुडतो

मरळ माशाला पाण्याखाली दाबून धरलं, वर येऊच दिलं नाही, तर तो बुडून मरतो. ही अतिशयोक्ती नाही. मरळला कल्ले असतात, पण वाढलेल्या मरळचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, डोक्यात, त्याच्या एक पोकळी असते. तिचं अस्तर बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं. थोड्याथोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो, त्या पोकळीत कोंडतो आणि त्यातला प्राणवायू रक्तात ओढतो. बाजारात मरळ जिवंत विकायला असतो तो यामुळेच. घमेल्यात चार बोटं पाणी असलं तरी तो तासन्‌तास तग धरतो. गिऱ्हाईक त्याला ताजेपणाची खूण समजतं आणि भाव जास्त मोजतं. कोल्हापूरसारख्या मटणाच्या गावात माशाला तसा दुय्यम मान, पण मरळची गोष्ट वेगळी.

माशांविषयीच्या नवलाईच्या याद्या आपण पुष्कळ वाचतो. त्यांत खोल समुद्रातला दिवा लावणारा मासा असतो, विजेचा झटका देणारा असतो, प्रवाळात राहणारा नारिंगी मासा असतो. हे सगळं खरं आहे, पण दूरचं आहे. जगात माशांच्या पस्तीस हजारांहून अधिक जाती आहेत, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत निम्म्याहून जास्त मासेच. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास जाती गोड्या पाण्यात राहतात, आणि नद्या-तळ्यांचा जगातल्या एकूण पाण्यातला वाटा तर एक टक्क्याच्याही कितीतरी खाली आहे. तेव्हा माशांची नवलाई बघायला पंचगंगा सुरू होते त्या प्रयाग चिखलीच्या पलीकडे जायची गरज नाही. शिवाय इथे ती नुसती गंमत उरत नाही. पंचगंगेत आज कोणते मासे टिकले आणि कोणते हटले, याचं उत्तर त्यांच्या शरीररचनेत सापडतं.

श्वासापासूनच सुरुवात करू. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात, तीस अंश तापमानाला, फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. त्यात पाणी हवेच्या आठशेपट घन, म्हणजे ते कल्ल्यांतून ढकलायलाच ताकद लागते. मासा हे जमवतो ते एका साध्या युक्तीने. कल्ल्यांतलं रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं, त्यामुळे रक्त पुढे सरकलं तरी त्याला समोरून अधिक प्राणवायू असलेलंच पाणी भेटत राहतं. पाण्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंत प्राणवायू काही मासे असा काढून घेतात. आपल्या फुप्फुसांना आत घेतलेल्या हवेतला पाव हिस्साही धड वापरता येत नाही. पण या युक्तीलाही मर्यादा आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते, कारण त्याचं शरीर पाण्याच्याच तापमानाला असतं. एप्रिल-मे हे महिने माशाला दोन्हीकडून पिळतात.

आता यात मळीमिश्रित पाणी घाला. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती एकत्र आल्यापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत पंचगंगेचा प्रवास जेमतेम ऐंशी किलोमीटरचा. तेवढ्यात तिला कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी, कापड प्रक्रियेचं पाणी, साखर कारखानदारीतलं पाणी असं सगळं भेटतं. तेरवाड किंवा शिरोळ बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडला ही बातमी आपल्याकडे आंब्याच्या आवकेइतकी हंगामी झाली आहे. लोक म्हणतात, पाण्यात विष सोडलं. कधी ते खरंही असेल, पण बहुतेक वेळा मासा विषाने मरत नाही, गुदमरून मरतो. मळी, सांडपाणी हे सगळं जिवाणूंचं खाद्य आहे. ते खाताना जिवाणू इतके वाढतात की पाण्यातला प्राणवायू तेच संपवतात. बहुतेक माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅम प्राणवायू हवा. दोन-तीनच्या खाली गेला की तडफड सुरू होते.

खच सकाळीच दिसतो, यालाही कारण आहे. पाण्यातलं शेवाळ दिवसा ऊन असताना प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही श्वास घेतं. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, पाण्यातला प्राणवायू सगळ्यात तळाला गेलेला असतो. मासे तेव्हा तोंड वर काढून पृष्ठभागालगत फिरतात. ते हवा पीत नसतात. हवेला चिकटलेल्या पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यात थोडा प्राणवायू उरलेला असतो, तेवढा ते गोळा करत असतात. काठावर त्या वेळी मासे धरायला झुंबड उडते. फुकट मासळी म्हणून पाटी भरून नेली जाते.

या परीक्षेत कोण पास होतं? मरळ पास होतो, कारण तो हवेवर आहे. मांगूर पास होतो, त्याच्या डोक्यात झाडाच्या फांद्यांसारखं फुटलेलं श्वसनाचं इंद्रिय आहे. वाळूत तोंड खुपसून बसणारा बोटभर लांबीचा लोच मासा तर हवा गिळतो, आतड्यातून प्राणवायू शोषतो आणि उरलेली हवा मागच्या बाजूने सोडून देतो. चिलापी पास होते, कारण तिला कमी प्राणवायू चालतो. नापास होतात ते वाहत्या, थंड, फेसाळ पाण्याची सवय असलेले मासे. म्हणजे नदीत मासे आहेत एवढ्यावरून नदी बरी आहे असं म्हणता येत नाही. मासे कोणते आहेत हे विचारावं लागतं.

माशांच्या इतर काही गोष्टी इथे भराभर उरकतो, कारण त्या मोठ्या प्रश्नाला थेट भिडत नाहीत, तरी माहीत असाव्यात अशा आहेत. रोहू, कटला, मृगळ यांच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात घशात. आणि त्यांना जठरच नसतं. अन्ननलिकेतून अन्न सरळ लांबच लांब आतड्यात जातं, म्हणून हे मासे थोडं थोडं पण दिवसभर खात राहतात. रोहू खाताना घशात अडकणारे ते बारीक दुफाटी काटे कण्याचे नसतात. ते स्नायूंच्या पडद्यांत स्वतंत्र तयार होतात, कण्याला जोडलेले नसतात, म्हणून कणा काढला तरी ते मांसात राहतात. पंचगंगेतला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, कारण ते कातडीतून आणि कल्ल्यांतून आपसूक आत शिरत असतं. तो दिवसभर ते लघवीवाटे बाहेर काढत बसतो. मालवणचा मासा उलट घटाघट समुद्र पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. शिंगाळ्याच्या मिशा चव घेतात. नुसत्या मिशाच नव्हे, त्याच्या कातडीवरही चवीच्या पेशी पसरलेल्या असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा त्या कामाला येतात.

कान मात्र थोडा वेळ द्यावा असा विषय आहे. माशाला ऐकू येत नाही असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञही मानत होते. १९२३ साली कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एका आंधळ्या मार्जारमीनाला शिट्टीवर यायला शिकवलं आणि तो वाद मिटवला. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावून पुढे नोबेल मिळवणारे ते हेच. गंमत म्हणजे रचना त्याच्या शंभर वर्षं आधीच सापडली होती. १८२० मध्ये एर्न्स्ट वेबर यांनी दाखवलं होतं की कार्प (रोहू-कटला) आणि मार्जारमीन (शिंगाळा, मांगूर) कुळातल्या माशांत हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. आवाजाने हवेची पिशवी थरथरते आणि ती थरथर हाडांतून कानात पोहोचते. कोल्हापूरच्या नद्यांतले बहुतेक मासे याच मोठ्या गटातले आहेत, म्हणजे माशांच्या जगात ते तिखट कानाचे. काठावर गप्पा मारत गळ टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. त्याच माशांच्या कातडीला जखम झाली की तिच्यातून एक रसायन पाण्यात सुटतं आणि आसपासचे त्यांचे भाऊबंद पांगतात. हा शोधही फ्रिश यांचाच, १९३८ चा.

वेदनेचं काय? सोनेरी माशाची आठवण तीन सेकंदांची असते हे वाक्य कुठून आलं देव जाणे. प्रयोगांत हे मासे शिकलेली गोष्ट महिनोन्‌महिने लक्षात ठेवतात. २००३ साली एडिनबराजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा आम्ल टोचलं. मासे डोलू लागले, काहींनी ओठ खडीवर घासले, खाणं लांबवलं. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं उतरली. माशाला आपल्यासारखं दुःख होतं का, यावर अजून भांडण आहे. पण ‘त्याला काय कळतंय’ हे आता सहज म्हणता येणार नाही, असं मला वाटतं.

खरी गोष्ट आहे ती चढणीची. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्यांना लाल पाणी आलं, की मासे उलटे चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात. राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याकडे रात्री बत्त्या घेऊन चढणीचे मासे धरायला जाणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. मासा का चढतो? अंडी घालायला. पुराच्या पाण्याखाली नुकतीच बुडालेली जमीन म्हणजे पिल्लांसाठी खाद्याचं कोठार, आणि मोठे शिकारी मासे तिथे कमी. पाण्याचं तापमान उतरणं, गढूळपणा, प्रवाहाचा जोर अशा खुणा एकत्र आल्या की माशाचा मेंदू त्याच्या पियूषिका ग्रंथीला हुकूम सोडतो आणि पिकलेली अंडी सुटतात. हुकूम आला नाही तर पोटात अंडी तयार असूनही मादी ती घालत नाही. रोहू-कटला तळ्यात वाढतात पण विणत नाहीत, हे कोडं याच कारणाने वर्षानुवर्षं मत्स्यशेतीची वाट अडवून बसलं होतं. ओडिशातल्या अंगुलला १० जुलै १९५७ या दिवशी हिरालाल चौधुरी यांनी दुसऱ्या माशांच्या पियूषिका ग्रंथींचा अर्क टोचून कार्पची वीण घडवली. देशभर १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे. आज आपल्या तलावांत सोडलं जाणारं बीज त्याच वाटेने आलेलं आहे. आणि ते मूळचं इथलं नाहीच. रोहू, कटला, मृगळ हे गंगा-सिंधू खोऱ्यांतले मासे, दख्खनच्या तलावांत माणसाने आणून सोडलेले.

चढणीच्या या वाटेवर कोल्हापूरने स्वतःचं एक बांधकाम उभं केलं आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा राज्यभर याच नावाने ओळखला जातो. पावसाळा संपला की खांबांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं. पावसाआधी बरगे काढायचे, नदी मोकळी करायची. माशाच्या दृष्टीने पाहिलं तर ही रचना पक्क्या धरणापेक्षा कितीतरी बरी, कारण ऐन चढणीच्या वेळी वाट उघडी असते. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांच्या मनात मासा नव्हता, ऊस होता. तरी माशाचं भलं झालं. पण बरगे घातलेल्या आठ महिन्यांत वाहती नदी बंधाऱ्या-बंधाऱ्यांच्या मधल्या तळ्यांची माळ होऊन जाते. त्या तळ्यांत सांडपाण्याचा गाळ बसतो. मग बरगे निघतात, पहिला पाऊस येतो आणि तो सगळा गाळ एकदम ढवळून खाली सुटतो. जे लाल पाणी माशाला ‘चढ’ म्हणून सांगतं, त्याच पाण्यात त्या दिवशी प्राणवायू सर्वांत कमी असतो. पोटात अंडी घेऊन निघालेली मादी नेमकी तेव्हा त्यात शिरते. जून उजाडताना होणारी माशांची मर उन्हाळ्यातल्या मरीपेक्षा मला जास्त गंभीर वाटते ती यासाठी. तीत एका वर्षाचे मासे जातात आणि पुढच्या वर्षाचेही. उरलेसुरले ओढ्यात पोहोचले की तिथे बत्त्या असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, याची चर्चा कोल्हापूरच्या खानावळींतही होते. ओढ्यावरच्या चढणीचा विषय मात्र कोणी काढत नाही.

सगळेच मासे विणीला वर चढत नाहीत. एक उलटा जातो. कर्नल विल्यम साइक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी जाहीर केली. पुण्याच्या मुळा-मुठेतला खवल्या, म्हणजे आजचा टॉर खुद्री, त्याच यादीतून शास्त्रात गेला. साइक्सने भोयांकडून ऐकलेली नावं तशीच लॅटिनला जोडली, म्हणून शिंगटीही शास्त्रीय नावात शिंगटीच राहिली. त्याच यादीत त्याने एका अहिराला, म्हणजे सापासारख्या लांबट माशाला, गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव दिलं. पुढे कळलं की तो बंगाली अहिर, अँग्विला बेंगालेन्सिस. आता या माशाचं चरित्र ऐका. तो गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढतो, पण अंडी घालायला समुद्रात जातो, तिथेच मरतो, आणि काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाने किनाऱ्याला लागून नद्या चढतात. युरोपातल्या नर अहिराचे वृषण कोणाला खात्रीने सापडेनात, म्हणून १८७६ मध्ये आज इटलीत असलेल्या त्रिएस्तला एका विद्यार्थ्याने चारशे अहिर चिरून पाहिले. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढे तो माणसांच्या मनाकडे वळला.

कोल्हापूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. पण सह्याद्री मध्ये उभा असल्यामुळे गगनबावड्याच्या अलीकडे पडलेला थेंब पूर्वेला जातो. कृष्णेच्या खोऱ्यातल्या अहिराला म्हणूनच बंगालचा उपसागर गाठावा लागतो. कृष्णेची लांबी सुमारे चौदाशे किलोमीटर. साइक्सने पाहिलेल्या अहिराचं पिल्लू ही वाट चढून पुण्यापर्यंत आलं होतं. आज त्या वाटेवर नागार्जुनसागर आहे, श्रीशैलम आहे, नारायणपूर आहे, अलमट्टी आहे. अहिराची पिल्लं ओल्या भिंतीवरूनही सरपटत चढतात, छोटा बंधारा त्यांना अडवत नाही. सव्वाशे मीटर उंचीचा नागार्जुनसागर चढणं मात्र त्यांच्या आवाक्यातलं नाही. अलमट्टीची उंची हा आपल्याकडे पुराचा आणि राजकारणाचा विषय. अहिराचा प्रश्न त्याच्याही किती खाली, तेलंगणा-आंध्रातच संपलेला आहे.

वीण आणि लिंग यांबाबत मासे कोणत्याच नियमाला बांधलेले नाहीत. कोकणातला जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो, मग मादी होतो. रावसाचंही तसंच. अलिबागच्या जावयाला मोठा जिताडा वाढला जातो तेव्हा ताटात बहुधा मादी असते. आणि मोठेच मासे निवडून धरत राहिलं तर समुद्रात नुसते नर उरतील, हा हिशेब मच्छीमारी संस्थांनी मांडायला हरकत नाही. नदीत दुसरे डाव चालतात. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी प्रवाहात सोडून मोकळी होते. तिला पूर हवा, वाहतं पाणी हवं. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या आफ्रिकी चिलापीची मादी काहीशे अंडी तोंडात घेऊन बसते, पिल्लं फुटून पोहायला लागली तरी धोका दिसला की त्यांना पुन्हा तोंडात घेते. तिला ना पूर लागतो ना प्रवाह. परिस्थिती बिकट झाली तर ती लहान आकारातच वयात येते आणि वर्षातून अनेकदा विणते. डेंग्यूच्या साथीत आरोग्य खातं टाक्यांत आणि डबक्यांत सोडतं ते गप्पी मासे दक्षिण अमेरिकेतले. ते पिल्लंच घालतात, आणि एकदा जोडी जमली की मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून एकामागून एक वेत काढते. नाल्यात एक मादी वाहून गेली तरी पुरे. थबकलेल्या, उबदार, प्राणवायू तुटपुंजा असलेल्या पाण्याला हेच मासे साजतात, आणि आपण नदीला तसंच करून ठेवलं आहे. चिलापीने देशी मासे हटवले असं सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. जागा आधी आपण रिकामी केली.

उलट टोकाला हिरण्यकेशी. आजरा-गडहिंग्लजवरून वाहणारी ही नदी आंबोलीत महादेवाच्या देवळापाशी उगम पावते. तिथल्या झऱ्यात सापडलेल्या लोचला २०२० मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं. संशोधकांत तेजस ठाकरे यांचं नाव असल्यामुळे बातमी गाजली. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. जिथे भाविक पाय धुतात त्या पाण्यात शास्त्राला अनोळखी मासा २०२० पर्यंत राहू शकतो, तर कुंभी-कासारीच्या वरच्या अंगाला अजून काय असेल?

याद्या आपल्याकडे आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली कलावार आणि केळकर यांचा कोल्हापूरच्या माशांवरचा लेख छापून आला. नद्यांवर आजच्याइतके बंधारे आणि कारखाने नव्हते तेव्हाचं ते चित्र. शिवाजी विद्यापीठाने आणि इथल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी ती यादी समोर ठेवून राजाराम बंधाऱ्यापासून नृसिंहवाडीपर्यंत दर जूनला मोजणी करावी. नुसती जातींची संख्या नको. मासे तीन रकान्यांत मांडावेत. हवेवर जगणारे, थबकलेल्या पाण्यात विणणारे आणि वाहत्या पाण्यावाचून न विणणारे. कानातल्या खड्याचाही उपयोग होईल. माशाच्या आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात, त्यांवर पिल्लाच्या वयात रोज एक वलय चढतं. ऑगस्टमध्ये सापडलेल्या बोटभर पिल्लाचा खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, वलयं मोजली, की ते कोणत्या तारखेला जन्मलं ते कळतं. मग ती तारीख बरगे काढल्याच्या आणि पहिल्या पावसाच्या तारखेशी ताडून पाहायची. पाटबंधारे खात्याकडे बरग्यांच्या नोंदी असतातच.